पार्वतीबाई आठवले यांची अमेरिका

ज्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषवर्गास जाब विचारला, त्याच जिल्ह्यातील आम्हां नांदुरेकरांस पार्वतीबाई आठवले यांची हकीगत ठाऊक असू नये, हे मला खटकते. त्यांची थोरली बहीण गोदूबाई हिने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पार्वतीबाईंनी मात्र वैधव्यातच राहून कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे व्रत पत्करले, आणि पन्नाशी जवळ आली असता, १९१८ साली, इंग्रजी शिकण्याच्या ईर्षेने अमेरिका गाठून परक्या घरी मोलमजुरीही केली. तेथील स्त्रिया त्या वेळी मताधिकारासाठी झगडत होत्या. १९२० साली घटनादुरुस्तीने तो मान्य झाला. धाडस मात्र, माझ्या मते, पार्वतीबाईंचेच थोर! त्यांची ‘माझी कहाणी’ अवश्य मिळवून वाचावी.