लहान मुलांना घेऊन सहलीला जाताना: डॉक्टरांना काय दिसते

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत उधव्यातल्या दवाखान्यात नेहमीच्या पेशंटबरोबर काही पाहुणे पेशंटही येतात. मुंबई, ठाणे, वसईकडची गाडी तळासरीला हायवे सोडून खानवेल-दुधनीकडे निघालेली असते किंवा तिकडून परतत असते. मागच्या सीटवर दोन-तीन वर्षांचे मूल मलूल पडलेले, कपड्यांवर उलटीचे डाग. आणि आई-वडिलांचे पहिले वाक्य ठरलेले: "डॉक्टर, फक्त उलटी थांबेल असे काहीतरी द्या, आजचे बुकिंग आहे."

मला त्यांचा राग येत नाही. रजा मुश्किलीने मिळालेली असते, पैसे आधीच भरलेले असतात. पण दिवस कसा गेला असे विचारले, की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. पहाटे चारला झोपेतून उचलून गाडीत घातले. हायवेवर गरम वडापाव, मग रडू नये म्हणून हातात मोबाईल, दुपारी एक वाजता डहाणूचा समुद्र, जेवण साडेतीनला. मोठी माणसे हे सहन करतात. दोन वर्षांच्या मुलाचे पोट आणि झोप सुट्टीवर जात नाही. त्यामुळे महालक्ष्मी, बोर्डी, दुधनी हे सगळे दोन दिवसांत उरकायचा बेत असेल, तर त्यातली दोन ठिकाणे आजच काढून टाका. दिवसाला एक ठिकाण, सकाळी दहापर्यंत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर, आणि दुपारी जेवून पंख्याखाली झोप. मुलांसोबतची सहल एवढीच असते.

गाडीत

मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे हा आपल्याकडचा सर्वात धोकादायक प्रकार आहे. जोराचा ब्रेक लागला तर कोणत्याही आईच्या हातात मूल राहत नाही, आणि एअरबॅग उघडली तर ती थेट मुलावर आदळते. 4 सप्टेंबर 2022 रोजी याच हायवेवर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता. मूल मागच्या सीटवर, त्याच्या वजनाला योग्य अशा चाइल्ड सीटमध्येच हवे. 14 वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा अशी सीट 2019 पासून कायद्यानेही बंधनकारक आहे.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. निघण्यापूर्वी हलके खाणे, मोबाईल बंद, काच थोडी उघडी, नजर समोर लांब रस्त्यावर, आणि दर दीड-दोन तासांनी थांबणे, एवढ्याने बराच फरक पडतो. मूल गाडीत झोपावे म्हणून कफ सिरप किंवा ॲलर्जीचे औषध पाजणारे पालक मला दर सुट्टीत भेटतात. कृपया असे करू नका. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकतो. खोकला-सर्दीची सिरप दोन वर्षांखाली देऊ नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

उलटी-जुलाब झाले तर

सहलीत मुलांना मी सर्वात जास्त याच तक्रारीसाठी तपासतो. दोष बहुधा पाण्याचा, बर्फाच्या गोळ्याचा किंवा कापून ठेवलेल्या फळांचा असतो. मुलाच्या जिवाला धोका जुलाबापेक्षा अंगातले पाणी कमी होण्याचा असतो, म्हणून औषध आधी ओआरएस, बाकी नंतर.

पाकिटावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्या. मोठे पाकीट एक लिटरचे, छोटे 200 मिलिलिटरचे. मोठे पाकीट एका पेल्यात ढवळून दिले तर त्यातले मीठ जास्त होते आणि ते घातक ठरू शकते. तयार पाणी 24 तासांनंतर फेकून द्या. पातळ शी झाली की दरवेळी दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. पेला तोंडाला लावला की मूल घटाघट पिते आणि सगळे बाहेर येते; मग "ओआरएस पोटात ठरत नाही" अशी तक्रार होते. चमच्याने दिले तर बहुतेकांना ठरते. दुकानातल्या गोड पेयांवर "ओआरएस" हा शब्द वापरायला एफएसएसएआयने 2025 मध्ये मनाई केली, तरी घेताना लेबल वाचा. खोक्यातले फळांच्या चवीचे गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

जुलाब बंद करण्याची मोठ्यांची गोळी मुलांना देऊ नका. झिंकची गोळी डॉक्टर 14 दिवसांची देतात; जुलाब थांबले तरी ती पूर्ण करा. सहा महिन्यांखालचे बाळ अंगावर पीत असेल तर उन्हाळ्यातही वेगळे पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजा.

ताप आणि इतर

पॅरासिटॅमॉल वजनावर ठरते: किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. हे 120 च्या सिरपमध्ये सव्वासहा मिलिलिटर, 250 च्या सिरपमध्ये तीन, पण 100 मिलिग्रॅमच्या ड्रॉप्समध्ये फक्त दीड. घरची बाटली घरीच राहिली, वाटेत दुसरी घेतली आणि माप जुनेच वापरले, ही चूक शिकलेल्या पालकांकडूनही होते. रोजची बाटली पिशवीत टाका आणि तिच्यावर मुलाचे वजन लिहून ठेवा.

आमच्या भागातला चिकू जरूर खायला द्या, पण बिया स्वतः काढून. बीच्या टोकाला आकडा असतो, तो घशात अडकतो. समुद्रावर मूल हाताच्या अंतरावर हवे. बुडणारे मूल ओरडत नाही, गुपचूप खाली जाते. फोटो काढणाऱ्याने मुलाकडे लक्ष ठेवायची जबाबदारी आधी दुसऱ्याला सोपवावी.

आता बुकिंग सोडून लगेच डॉक्टरकडे कधी यायचे? सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, मूल सुस्त किंवा उठवत नाही, उलटी हिरवी, शीतून रक्त, झटका, श्वास जोरात, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरेनहाइट ताप. तळासरीचे ग्रामीण रुग्णालय किंवा डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथे जा. 108 ला फोन करताना गाव आणि तालुक्याबरोबर राज्यही सांगा. उधव्याला राज्याची हद्द जवळ असल्याने फोन पलीकडच्या टॉवरवरून जाऊ शकतो.

बुकिंगवाल्या अशाच एका कुटुंबाला मी बाकावर बसवून दीड तास चमच्याने ओआरएस पाजायला लावले. मुलाने लघवी केली, बिस्किट मागितले. दुधनी त्यांनी पाहिली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी.