वलगणीची वाट आणि रस्त्याची फाइल

वसई-विरारमध्ये पाणी पूर्वेकडून पश्चिमेला जातं आणि माणसं दक्षिणेकडून उत्तरेला. तुंगारेश्वराच्या डोंगरावर पडलेला पाऊस चिंचोटी, कामण, पेल्हार या बाजूंनी ओहोळांतून खाली येतो. भातखाचरं, खाजणं, मिठागरं ओलांडत तो वसईच्या खाडीला, वैतरणेला किंवा मधल्या सोपाऱ्याच्या खाडीला जाऊन मिळतो. या वाटेवर माणसाने पहिला मोठा बांध घातला तो १८६४ मध्ये, ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ रेल्वेचा. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याने मुंबई-अहमदाबाद महामार्ग गेला. आता मालगाड्यांची स्वतंत्र मार्गिका, बुलेट ट्रेन, नवघरपासून निघणारी विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका अशा एकेक नव्या रेषा त्यात येत आहेत. यातली प्रत्येक रेषा जिथे जिथे पाण्याची वाट ओलांडते, तिथे एक पूल किंवा एक मोरी लागते. आणि त्या प्रत्येक ओलांडणीसाठी कुणाची ना कुणाची परवानगी लागते.

ही परवानगी मिळवण्यासाठी जागेवर जाऊन खाडी, खारफुटी, मासे, पक्षी यांची नोंद करणारा, नकाशे वाचणारा आणि प्रकल्पाने किती नुकसान होईल याचा अंदाज कागदावर मांडणारा माणूस म्हणजे इकॉलॉजिस्ट. रस्त्याच्या कामात अभियंता दिसतो, कंत्राटदार दिसतो, भूमिपूजनाला नेते दिसतात. हा माणूस सहसा दिसत नाही. तो येतो तो ओहोटीची वेळ बघून, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, दोऱ्या, जीपीएस यंत्र आणि पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण घेऊन. खारफुटीत दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे, त्यातली झाडं जातीनिहाय मोजायची, खोडांचा घेर घ्यायचा, रोपं किती रुजली आहेत ते बघायचं. तिवरांच्या चिखलात एक चौकोन पुरा करायला किती वेळ लागतो हे त्या चिखलात पाय रुतलेल्यालाच कळतं.

मग सुरू होतो कागदांचा प्रवास. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार आधी १:४००० प्रमाणाचा नकाशा हवा, तोही केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच. त्यावर भरतीरेषा, खारफुटी आणि एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टा दाखवायचा. तो नकाशा महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो. खारफुटी वनजमिनीवर असेल तर वनखात्याची केंद्रापर्यंत जाणारी वेगळी फाइल होते, त्यात २०१२ पासून काम करणाऱ्या कांदळवन कक्षाचं मत घेतलं जातं. तुंगारेश्वर अभयारण्याच्या जवळून रस्ता जात असेल तर वन्यजीवांची आणखी एक फाइल. खाडीवर पूल असेल तर खालून होड्या जातील का, हे महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने वसईची खाडी आणि उल्हास नदी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला, त्यामुळे केंद्राचं जलमार्ग प्राधिकरणही आलं. आणि सगळ्यांच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालय. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला मानला. त्या निकालानुसार सार्वजनिक प्रकल्पालाही खारफुटी तोडायची तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटी तोडायला ९ डिसेंबर २०२२ रोजी मिळालेली परवानगी अशीच होती. त्या प्रकल्पात आधीचा आकडा ५३ हजारांच्या वर होता, तो आराखड्यातल्या बदलांनी खाली आला, हे मुद्दाम सांगायला हवं. या प्रक्रियेला नुसता अडथळा म्हणणाऱ्यांनी तीस हजार झाडांचा हा फरक लक्षात घ्यावा.

वरसावे इथल्या खाडीपुलाच्या निमित्ताने वसईकरांना या परवानग्यांची चांगलीच ओळख झाली. जुना पूल दुरुस्तीला निघाला की महामार्ग तासन् तास ठप्प होत असे. नव्या पुलाचं भूमिपूजन २०१८ मध्ये झालं आणि वाहतूक सुरू झाली ती २०२३ मध्ये. उशीर झाला की लोकांचा राग पर्यावरणावर निघतो. तो राग मला समजतो. तिथल्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिका कुणाला आठवत नाहीत? पण उशिराचं खरं कारण बहुतेकदा वेगळं असतं. रस्त्याची रेषा आधी पक्की होते, जमीन मोजली जाते, निविदेचे आकडे ठरतात आणि मग इकॉलॉजिस्टला बोलावणं जातं. तोवर रेषा हलवायची सोय उरलेली नसते. उरतं ते फक्त नुकसान मोजणं आणि बदल्यात किती झाडं लावायची ते ठरवणं.

मला खरी खंत आहे ती इथे. आपण या माणसाला झाडं मोजायला बोलावतो, पाण्याची वाट बघायला बोलावत नाही.

खारफुटीचंच घ्या. रस्त्याच्या पट्ट्यात येणारी झाडं मोजली जातात, त्यांच्या तिप्पट लागवडीची अट अधिसूचनेत आहे. पण रस्त्याचा भराव खाडी आणि खाजण यांच्यामधून गेला, तर भरावाच्या आतल्या बाजूच्या झाडांचं काय होतं? तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. भरतीला ती बुडतात, ओहोटीला उघडी पडून हवा घेतात. भरावातली मोरी अरुंद असेल तर पावसाचं पाणी आत तुंबून राहतं, मुळं दिवसच्या दिवस पाण्याखाली जातात आणि झाड गुदमरतं. उलट मोरी उंचावर बसवली तर भरतीचं पाणी आत पोचतच नाही, उन्हाळ्यात माती इतकी खारट होते की खारफुटीलाही सोसवत नाही. एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता अख्खं वन वाळतं, आणि ते कुठल्याच मोजणीत येत नाही, कारण मोजणी रस्त्याच्या रुंदीपुरतीच झालेली असते. अनुभवी इकॉलॉजिस्ट म्हणूनच झाडांआधी मोरीच्या तळाची पातळी विचारतो. आपल्या जुन्या खारबंदिस्तीत उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना ही पातळी नेमकी ठाऊक होती. उघाडी एक हात वर बसली तर खाचराचं काय होतं, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

भरतीचं पाणी पोचत नाही अशा गोड्या पाण्याच्या ओहोळांची स्थिती आणखी वाईट आहे. किनारा नियमनाची हद्द खाडीत तिथवर जाते, जिथवर वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजारी पाच भाग भरतो. त्याच्या वर तो कायदा नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम बघावेत, तर त्यांच्या व्याख्येतून नदीची पात्रं, भातशेती आणि मिठासाठी केलेली तळी वगळलेली आहेत. पूर्व वसईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा: ओहोळ, भातखाचर, मिठागर. नेमक्या याच तीन गोष्टी बाहेर राहिल्या. लहान रस्त्यांना, पालिकेच्या जोडरस्त्यांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखालची मंजुरीही लागत नाही. तिथे इकॉलॉजिस्ट येण्याचा प्रश्नच नसतो. ओहोळावर किती रुंदीची मोरी टाकायची हे एका सूत्रावर ठरतं, आणि कधीकधी बाजारात किती व्यासाचे पाइप मिळतात यावर.

सूत्र वाईट नसतं. मुंबई इलाख्यात काम केलेले अभियंते सर क्लॉड इंग्लिस यांनी मांडलेलं सूत्र महाराष्ट्रात आजही वापरतात. त्यानुसार दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटातून पुराच्या वेळी सेकंदाला सुमारे २७५ घनमीटर पाणी येऊ शकतं. पण सूत्राला पाणलोटाचं क्षेत्र कळतं. भरती कळत नाही. पावसाळ्यातल्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर समुद्र साडेचार मीटरच्या वर चढतो, तेव्हा खाडीकडे जाणारं पाणी थांबतं किंवा उलटं फिरतं. त्याच तासांत डोंगरावर मुसळधार कोसळत असेल, तर त्या पाण्याला पसरायला खाजणं आणि मिठागरं हीच जागा असते. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, गाड्यांतले प्रवासी अडकले, मिठागरातल्या वस्तीत शेकडो माणसं वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली आणि धारण तलावांची चर्चा सुरू झाली. अलीकडच्या पावसाळ्यांत मालजीपाडा, ससूनवघर भागात खुद्द महामार्गच पाण्याखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झालेले मातीचे भराव आणि बुजलेले ओहोळ यांकडे तिथले गावकरी बोट दाखवतात. पाण्याची वाट बंद केली तर शेवटी रस्ताच बंद पडतो.

माशांचं तर कुणी नावच घेत नाही. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ओहोळ फुगले की खाडीतले आणि डबक्यांतले मासे उलट प्रवाहात चढू लागतात. ही वलगण. अंडी टाकायला त्यांना खाचरांतलं उथळ, ताजं, अन्नाने भरलेलं पाणी हवं असतं. आगरी, कोळी, आदिवासी पाड्यांवरची माणसं त्या रात्री विजेरी आणि पाग घेऊन बांधावर उभी असतात. गाभोळीने भरलेल्या चिवणीची चव सांगताना म्हातारी माणसं अजून हरखून जातात. (गाभोळीचे मासे सरसकट पकडू नयेत हेही खरं, आणि जाणती माणसं काही मासे जाऊ देत.) जिताड्याची तऱ्हा उलटी: तो वीण करतो खाडीच्या मुखाशी, आणि त्याची पिल्लं वर गोड्या पाण्याकडे येऊन वाढतात. दोघांनाही एकच गोष्ट लागते, समुद्रापासून शेतापर्यंत न तुटलेली वाट.

ही वाट तोडायला धरण लागत नाही. मोरीच्या मुखाशी दीड फुटाची पायरी पडली की पुरे. पाइप गुळगुळीत असतो, अरुंद असतो, त्यातून पाणी जोरात बाहेर पडतं आणि खालची माती खणून नेतं. दोन पावसाळ्यांत मोरीचं तोंड हवेत लटकतं. लहान मासा ते चढू शकत नाही. चढला तरी आतल्या वेगापुढे टिकत नाही, कारण नैसर्गिक पात्रात थांबायला दगड, मुळं, खळगे असतात आणि पाइपात काहीच नसतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात नेमक्या याच गोष्टीवरून मोठा खटला झाला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या २१ जमातींनी १८५४-५५ च्या तहांत जमीन सोडली, मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला होता. रस्त्यांखालच्या मोऱ्यांमुळे सॅमन मासा वर पोचेना, तेव्हा २००१ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. मासेमारीच्या हक्कात मासा येण्याची वाटही आली, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला मोऱ्या बदलायचा आदेश दिला. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मतं चार विरुद्ध चार अशी विभागली गेली आणि आदेश कायम राहिला. तिथे नव्या मोरीसाठी एक रीत रुळली आहे: पात्राच्या भरल्या रुंदीच्या १.२ पट आणि वर दोन फूट, एवढी रुंद मोरी घ्यायची आणि तिचा तळ पात्राच्या खाली गाडायचा, म्हणजे आत वाळू-दगड बसून ओहोळ मोरीतूनही ओहोळासारखाच वाहतो. शिवाय त्या देशात १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली ओढ्यात भराव टाकण्यासाठी मुळातच परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे तहांचा आधार नाही, पण कोळी आणि आगरी माणसांचा या पाण्यावरचा हक्क कुठल्याही तहाहून जुना आहे.

आपल्या पद्धतीतली आणखी एक त्रुटी मला फार महत्त्वाची वाटते. पर्यावरण अहवालासाठी लागणारी पायाभूत माहिती एका ऋतूची चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. हवा मोजण्यासाठी ते ठीकच आहे; पावसात धूळ खाली बसते. पण ओहोळासाठी? मार्च-एप्रिलमध्ये कामण किंवा शिरसाडच्या बाजूला गेलेल्या सर्वेक्षकाला काय दिसणार? तडकलेला चिखल, थोडं सांडपाणी, प्लॅस्टिक. तो प्रामाणिकपणे लिहितो: ‘हंगामी नाला, जलचर आढळले नाहीत.’ त्या एका ओळीवर पुढे पाइप मोरी मंजूर होते. ओहोळ कोरडा असताना त्याची तपासणी आणि भरलेला असताना त्याच्यावर रस्ता, असा हा प्रकार आहे.

सुधारणेला नवा कायदा यायची वाट बघायला नको. प्रकल्प अहवालाच्या टप्प्यावर, रेषा पक्की होण्याआधी, इकॉलॉजिस्ट आणि जलविज्ञानाचा अभियंता यांनी एकत्र चालत जाऊन प्रत्येक ओलांडणी बघावी, आणि ती जूनच्या पावसात पुन्हा बघावी. बरोबर गावातला एखादा वलगणीला जाणारा माणूस असावा. मासा कुठल्या बांधावरून चढतो हे त्याला ठाऊक असतं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या परिभाषेत सहा मीटरपर्यंतची ओलांडणी ही मोरी, त्यापुढे साठ मीटरपर्यंत लहान पूल. पाच मीटरची मोरी आणि सात मीटरचा लहान पूल यांच्या खर्चातला फरक मोठ्या महामार्गाच्या अंदाजपत्रकात कुठे दिसणारही नाही, ओहोळाला मात्र त्याने पूर्ण पात्र मिळतं. मंजुरीपत्रातही ‘पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अबाधित ठेवावा’ एवढंच मोघम वाक्य न लिहिता मोरी क्रमांक, रुंदी आणि तळाची पातळी लिहावी, म्हणजे नंतर कुणालाही फूटपट्टी घेऊन ती तपासता येईल.

आणि तपासणीची तारीख बदलावी. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांनी अटी पाळल्याचा सहामाही अहवाल १ जूनला आणि नंतर डिसेंबरात द्यायचा असतो. १ जूनला आपल्याकडे पाऊस यायचा असतो, डिसेंबरात खाचरं वाळलेली असतात. पाण्याच्या ओलांडण्यांपुरता तरी एक वेगळा अहवाल जुलैअखेर मागवावा, प्रत्येक मोरीच्या दोन्ही तोंडांच्या भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळच्या छायाचित्रांसह. तो ग्रामपंचायतीत, पालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि मच्छीमार सोसायटीत ठेवावा. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या, नायगावच्या कोळ्यांना आणि पूर्व पट्टीतल्या शेतकऱ्यांना तो वाचून कोणती मोरी चुकली हे सांगायला तज्ज्ञाची गरज पडणार नाही.