घरचा हिशेब परिषदेत मांडा

रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक माउली आमच्याजवळ आली. म्हणाली, "भाऊ, पोरगा बी.ए.ला हाय. अर्थशास्त्राच्या परिषदेत निबंध वाचायला जातो म्हणतोय. दोन दिवस कामावर खाडा व्हईल. यातनं नोकरी लागती का?"

नोकरी लगेच लागत नाही, हे आम्ही खरे तेच सांगितले. तरीही त्याला जाऊ द्या, असे सांगितले. हा प्रश्न अनेक घरांत असेल, म्हणून त्याचे कारण इथे लिहीत आहोत.

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या अशा परिषदेत नुसती भाषणे नसतात. विद्यार्थी एक प्रश्न निवडतो, आकडे गोळा करतो, निष्कर्ष काढतो. आधी सारांश पाठवायचा. तो निवडला गेला की थोडक्या मिनिटांत निबंध मांडायचा. मग प्रश्नांची सरबत्ती होते. आकडे कोठून आणले? निष्कर्ष कशावरून? महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेतही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्तर असतो.

९ मे १९१६ रोजी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. ते सत्र मानववंशशास्त्राचे होते; त्यांचा मुख्य विषय मात्र अर्थशास्त्र. पुढे १९१८ साली त्यांनी लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करून शेते मोठी करा, असे त्या वेळचे जाणकार सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले, शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल किती? शेत लहान की मोठे, हे त्यावरच ठरते. शेतीवर अडकलेल्या जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, हा त्यांचा उपाय. सगळे जे मान्य करतात त्यालाच प्रश्न विचारायचा आणि आकडे तपासायचे, ही त्यांची रीत आपल्या मुलांनीही घ्यावी.

विषय शोधायला लांब जायला नको. समजा, आपल्या वस्तीत एकीने दहा हजारांचे कर्ज घेतले. सावकार म्हणतो, "वर्षाला फक्त बारा टक्के." म्हणजे बाराशे रुपये व्याज; एकूण ११,२०० रुपये बारा सारख्या हप्त्यांत फेडायचे. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच घेतलेले असते. नीट हिशेब केला तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो! हाच हिशेब चाळीस घरांत जाऊन, लोकांची परवानगी घेऊन, नावे गुप्त ठेवून मांडला, की शोधनिबंध तयार होतो. आपल्या वस्तीतली ही माहिती बाहेरच्या विद्यार्थ्याला सहज मिळणार नाही.

मात्र एक पथ्य पाळावे. उत्तर आधी ठरवून आकडे जमवू नयेत. चाळीस घरांवरून साऱ्या शहराबद्दल बोलू नये. आपल्या मताविरुद्ध आकडे आले तर तेही छापावेत. बुद्धांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, ते आपल्या स्वतःच्या मतालाही लागू आहे.

इंग्रजीची भीती अनेकांना मागे ओढते. मराठीतून निबंध चालतो का, हे आयोजकांना आधी विचारावे. नोंदणी शुल्क व प्रवासखर्च कॉलेज देते का, याचीही प्राचार्यांकडे लेखी विचारणा करावी. मागायला लाजू नये.

आणि आई-वडिलांनो, एक काम तुमचेही आहे. आदल्या रात्री जेवणे झाल्यावर पोराला किंवा पोरीला घरातच निबंध वाचायला लावा. जिथे समजले नाही तिथे थांबवा, विचारा. कर्जाचा हप्ता तुम्ही फेडला आहे. त्यातला खोटा आकडा तुम्हाला परीक्षकांच्या आधी कळेल.

त्या माउलीने पोराला पाठवायचे ठरवले आहे. निबंध ऐकायला आम्हीही तिच्या घरी जाणार आहोत.

जयभीम!