डिस्क गेलेली नाही, खालची ओळ वाचा

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज टाकताना डिस्क निवडायच्या पानावर गाडी अडते: या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. लगेच निदान होतं, 'हार्ड डिस्क गेली, नवीन घ्या.' हे ऐकून कान किटले आहेत. अहो, त्याच पानावर 'शो डिटेल्स' असतं. तिथे क्लिक करून कारण वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही: डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय मशीनला जीपीटी लागतं. डिस्क खराब असल्याचा त्यात एक शब्द नाही.

साधारण 2011 नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डांवर जुनी बायोस पद्धत आणि नवी यूईएफआय, दोन्ही असतात. बायोसबरोबर एमबीआर, यूईएफआयबरोबर जीपीटी, अशाच जोड्या विंडोज मानतं. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांतही हेच आहे. तुमची डिस्क जुन्या पद्धतीची आणि विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह मात्र नव्या पद्धतीने सुरू झालेला, एवढंच भांडण. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बहुधा दोनदा दिसतो, एकदा नावाआधी 'यूईएफआय' लागून. ते नसलेला निवडा. तसा दिसतच नसेल तर रूफस या प्रोग्राममध्ये एमबीआर निवडून पेनड्राइव्ह पुन्हा बनवा.

दुसरा मार्ग डिस्कच जीपीटी करण्याचा. शिफ्ट-एफ10 दाबून डिस्कपार्ट उघडायचं, डिस्क निवडायची, मग 'क्लीन' आणि 'कन्व्हर्ट जीपीटी'. यात डिस्कवरचं सगळं जातं. घरातले फोटो आधी दुसरीकडे ठेवा आणि डिस्कचा क्रमांक दोनदा बघा. डिस्कपार्ट 'नक्की ना?' असं विचारत नाही.

डिस्क खरोखर जात असेलही, पण ते क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचे, आकडे बघून ठरवावं. फाइल कॉपी होताना दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकत असेल, तर रॅमवरही संशय घ्या; मेमटेस्ट86+ रात्रभर चालू ठेवा.

बाकीचे गैरसमज भराभर. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली म्हणजे तो बूट होईलच असं नाही. 'जुनं मशीन म्हणजे 32-बिट' हेही चूक, कोअर 2 ड्युओ 64-बिटच आहे. तारीख सारखी मागे जात असेल तर व्हायरस नव्हे, मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलाय.

आणि 'रॅम वाढवली की विंडोज 11 चालेल'? त्याला टीपीएम 2.0 आणि यादीतला प्रोसेसर लागतो. युक्त्या करून तपासणी चुकवली तरी 24एच2 आवृत्ती कोअर 2 ड्युओवर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपसीएनटी सूचना त्या चिपमध्ये नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा मशीनवर मी तरी सरळ लिनक्स मिंट टाकेन.