‘एफडीए पास’ लोणचं नावाची थाप

‘ताई, तुमच्या लोणच्याला अमेरिकेच्या एफडीएचं सर्टिफिकेट काढून देतो, मग तिकडे कुणी अडवणार नाही.’ कामथडी, कापूरहोळ, नसरापूर या पट्ट्यात बचत गट चालवणाऱ्या बायकांकडून हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. म्हणून आधीच सांगून टाकते. असं सर्टिफिकेट नसतं. पैसे भरा, ओळख लावा, तरी नसतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लोणचं, मसाला, चटणी यांपैकी कशालाच बाजारात येण्याआधी मंजुरी देत नाही.

मग एजंट विकतो काय? तर नोंदणी. 2002 च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यापासून अमेरिकेत विक्रीसाठी अन्न पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या एफडीएकडे नाव नोंदवावं लागतं, अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी दाखवावा लागतो आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नोंदणी नवी करावी लागते. सरकार यासाठी एक पैसाही घेत नाही. मिळतो तो फक्त क्रमांक. चकचकीत कागदावर गरुड छापलेलं प्रमाणपत्र एजंटच्या प्रिंटरमधून आलेलं असतं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे पीक चांगलं आलं असं आपण म्हणत नाही. इथे मात्र क्रमांक मिळाला की बरणीवर ‘एफडीए अप्रूव्हड’ छापून मोकळे! त्या खात्याचं बोधचिन्ह खासगी मालावर वापरायला परवानगी नाही, ही आणखी एक भानगड.

गोंधळाला आपल्याकडचं एक कारणही आहे. महाराष्ट्रात ‘एफडीए’ म्हटलं की आपलं राज्याचं अन्न व औषध प्रशासन डोळ्यांपुढे येतं. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली तेच खातं परवाने देतं, म्हणून पुष्कळांना वाटतं, 14 अंकी क्रमांक पाकिटावर आला की एफडीएचं काम झालं. तो क्रमांक देशातला. परदेशात माल पाठवायचा तर त्याच्या जोडीला विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक लागतो. पुढची गंमत अशी की एकाच शेडमधल्या दोन वस्तूंना दोन दारं: गोडा मसाल्यासाठी कोचीच्या स्पाइसेस बोर्डाची नोंदणी, लोणच्यासाठी अपेडा या शेतमाल-निर्यात प्राधिकरणाची.

आणि हे सगळं झाल्यावरही खरा प्रश्न तिकडचा आयातदार विचारतो. 2011 च्या अमेरिकन अन्नसुरक्षा कायद्याने जबाबदारी त्याच्या गळ्यात घातली आहे. परदेशातल्या पुरवठादाराकडे कोणते धोके आहेत आणि तो ते कसे आवरतो, हे आयातदाराने तपासून कागदावर ठेवायचं असतं. न्यू जर्सीतला दुकानदार तुमच्या आजीच्या हातची चव ऐकून घेईल, पण नंतर विचारेल, ‘पीएच किती?’

हा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी, तितकं आंबट), समजून घ्या, कारण लोणच्याचं सगळं घोडं तिथेच अडतं. कैरी मुळातच आंबट, तिची फारशी चिंता नाही. लसूण आणि हिरवी मिरची आंबट नाहीत. त्यांत लिंबू किंवा व्हिनेगर घालून आंबटपणा आणला की अमेरिकेच्या लेखी ते ‘आम्लीकृत अन्न’ ठरू शकतं. पीएच 4.6 किंवा त्याखाली आणावा आणि टिकवावा लागतो, कारण त्याच्या वर बोट्युलिझमचा जंतू वाढून विष तयार करू शकतो. लोणचं या वर्गात बसलं तर कारखान्याची वेगळी नोंदणी आणि त्या एका लोणच्याची प्रक्रिया, बाटलीच्या मापासकट, दाखल करावी लागते. एजंट नेमकं हेच सांगत नाही. मग कंटेनर बंदरात अडकतो आणि भाडं चढत राहतं.

‘वर तेल तरंगतंय, काही होत नाही’ हे ऐकलं की मी कपाळाला हात लावते. तेल हवा अडवतं, त्यामुळे बुरशी धरत नाही हे खरं. पण बोट्युलिझमच्या जंतूला हवा नकोच असते. राखण करतात ते आंबट आणि मीठ.

दुसरा मोठा घोळ लेबलचा. समजा, कामथडीतला एक गट गोडा मसाला पाठवतोय. त्यात तीळ असतातच. 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ आहे, तो लेबलवर स्पष्ट लिहावा लागतो. नुसतं ‘मसाले’ लिहून चालत नाही. हिंगाची डबी उलटून बघा, बहुतेक बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं, म्हणजे गहूही लिहायचा. लोणच्यातली मोहरी अमेरिकेच्या यादीत नाही, पण युरोपच्या 14 पदार्थांत आहे आणि कॅनडाच्या यादीतही. कॅनडासाठी तर लेबल इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत हवं. शेंगदाण्याचं पूर्ण रिफाइंड तेल अमेरिकेत या नियमातून सुटतं, घाणीचं सुटत नाही. आपण ‘लाकडी घाणा’ ही जाहिरात म्हणून मिरवतो, तिकडे तीच ॲलर्जीची सूचना होते.

‘हे नियम छोट्यांना छळायला आहेत, मोठ्यांना कोण विचारतं?’ विचारतात. 5 एप्रिल 2024 ला हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. 18 एप्रिलला सिंगापूरने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवायला लावला. एव्हरेस्ट तर आपल्या मुंबईचीच. माल सुरक्षित आहे, असं दोन्ही कंपन्यांचं म्हणणं होतं. मसाला निर्जंतुक करायला वापरतात तोच हा वायू. अमेरिकेत मसाल्यात त्याचा अंश किलोमागे 7 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, युरोपात 0.1 च्या वर नाही. त्यामुळे ‘एका देशात चाललं म्हणजे सगळीकडे चालतं’ हाही गैरसमज तिथल्या तिथे निकालात निघतो.

उरलेसुरले. ‘लाल रंग आपल्याकडे मान्य आहे ना, मग झालं.’ नाही. पोन्सो 4आर भारतात ठरावीक पदार्थांत चालतो, अमेरिकेत अजिबात नाही. ‘तिखट घरचं, त्याला कसली तपासणी?’ ओल्या जमिनीवर वाळवलेल्या मिरचीत बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष येतं. युरोपात मर्यादा किलोमागे एकूण 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ‘मोहरीच्या तेलातलं उत्तर भारतीय लोणचं जातंच की.’ मोहरीचं तेल खाद्यतेल म्हणून अमेरिकेला मान्य नाही, तिथल्या बाटल्यांवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं छापलेलं असतं ते वाचा.

आणि शेवटचं, ‘माझ्या लेकाला दरवर्षी पार्सलने पाठवते, काही होत नाही.’ घरी केलेलं, एका माणसाने दुसऱ्याला भेट म्हणून पाठवलेलं अन्न अमेरिकेच्या पूर्वसूचनेच्या नियमातून वगळलेलं आहे, म्हणून काही होत नाही. लेकाने त्यातल्या चार बरण्या शेजाऱ्यांना विकल्या, तर ती सूट लागू नाही.