तळपायाच्या आत
तळपायाचे स्नायू चार थरांत रचलेले असतात. कातडीखालचा चिवट पडदा ओलांडला की आखूड स्नायूंचा पहिला थर लागतो. सर्वांत खोलचा थर पावलाच्या लांब हाडांमधल्या फटींत असतो. या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू आतल्या घोट्यामागून तळव्यात उतरतो आणि दुभंगतो. आतल्या फाट्याकडे अंगठ्यासह साडेतीन बोटांची संवेदना. बहुतेक लहान स्नायू मात्र बाहेरच्या फाट्याच्या ताब्यात. मज्जातंतूसोबत घोट्यामागून एक धमनीही येते. दुसरी धमनी पावलाच्या वरून जाते. अंगठा वर उचलल्यावर जी दोरी ताठ होते, तिच्या करंगळीकडच्या बाजूला हलकेच बोटे टेकवली की ठोका लागतो. मधुमेह्याचा पाय तपासताना डॉक्टर तोच शोधतात. काही निरोगी माणसांतही तो लागत नाही, म्हणून घोट्यामागचा ठोकाही पाहतात.