कंटेनर मोडू द्या, डेटा जपा

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’ वर्डप्रेसचं प्लगइन लिहिणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी येतंच. अनेकदा मूळ असतं पीएचपीच्या आवृत्तीत. ‘क्रिएट_फंक्शन’ हे जुनं फंक्शन ८.० मधून काढून टाकलं, त्यामुळे ते वापरणारं आणि ७.४ वर चालणारं प्लगइन तिथे त्याच ओळीवर कोसळतं. कंटेनर म्हणजे सॉफ्टवेअर चालवायचा वेगळा कप्पा; त्यामुळे दोन्ही आवृत्त्या एकाच लॅपटॉपवर शेजारी-शेजारी तपासता येतात. म्हणूनच कंटेनरविषयीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन.
वस्तुस्थिती : व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल असतो. लिनक्स सर्व्हरवरचे सगळे कंटेनर मात्र त्या सर्व्हरचाच कर्नल वापरतात, म्हणून ते चटकन सुरू होतात. ही सोय लिनक्समध्ये आधीच होती. २०१३ साली आलेल्या डॉकरने ती वापरायला सोपी केली.

गैरसमज २ : कंटेनरमध्ये तयार केलेल्या प्लगइनसाठी ग्राहकालाही कंटेनर लागतो.
वस्तुस्थिती : प्लगइन म्हणजे शेवटी फाइलींचं फोल्डर. त्याची झिप साध्या शेअर्ड होस्टिंगवरही बसते. वर्डप्रेसचं ‘डब्ल्यूपी-एन्व्ह’ हे साधन डॉकरच्या आधारे चाचणीची साइट उभी करून देतं; कंटेनरचं काम तेवढ्यापुरतंही असू शकतं.

गैरसमज ३ : कंटेनरमध्ये ठेवलेला डेटा कायम राहतो.
वस्तुस्थिती : कंटेनर नुसता थांबवला तर काही जात नाही. तो काढून टाकला, की आत लिहिलेलं त्याच्याबरोबर जातं. त्यामुळे डेटाबेस आणि अपलोड केलेली चित्रं व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरच्या बाहेर ठेवायची. पण व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. ‘डॉकर कंपोज डाउन’ या आदेशाला ‘व्ही’ हा पर्याय जोडला, तर कंपोज फाइलीत नोंदवलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. बॅकअपची प्रत दुसऱ्या यंत्रावरच हवी.

गैरसमज ४ : कंटेनरमधली साइट आपोआप सुरक्षित असते.
वस्तुस्थिती : कंटेनर ज्या साच्यातून उभा राहतो ती इमेज ज्या दिवशी बनली, त्या दिवशीचंच सॉफ्टवेअर तिच्यात असतं. नंतरच्या दुरुस्त्या हव्या असतील तर नवी इमेज घेऊन कंटेनर पुन्हा उभारावा लागतो. प्लगइनमधली एसक्यूएल इंजेक्शनची फट मात्र कोड सुधारूनच बुजते.

साइट लोकांसमोर नेण्याआधी बॅकअप घ्या, मग कंटेनर मुद्दाम काढून टाका आणि पुन्हा उभा करा. लेख, चित्रं, प्लगइनच्या सेटिंग्ज जागच्या जागी दिसल्या, तर मांडणी बरोबर आहे. काही हरवलं असेल, तर ते आजच कळलेलं बरं.